सातशे एमबीची शिदोरी

गारगोटीच्या एसटीत क्रांतीच्या आधी तिची बॅग चढली. दारात अडकली, मागच्या दोघांनी ढकलली, आणि मग मालकीणबाई आत आल्या.

"एक गारगोटी."

कंडक्टरनं आधी बॅगेकडं बघितलं. "तुमचं अर्धं, ताई. बायकास्नी सवलत हाय. बॅगंचं पुरं पडंल. ती काय बाईमाणूस न्हाय."

"मांडीवर घेतो की तिला. लेकरागत."

"घ्या, घ्या. मुदाळ तिट्ट्यापतोर मांडी ऱ्हायली तर मला सांगा."

आजूबाजूचे हसले. क्रांतीही हसली. कोल्हापूरच्या कितीतरी बायकांसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना 'मी घेतो', 'मी येतो' असंच बोलायची. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं एकदा त्यावर शेरा मारला होता. त्याचा संगणक तिनं नीट करून दिला आणि सांगितलं, "आता हा चालतो का चालते ते घरी जाऊन बघा."

शेहेचाळीस वर्षांची क्रांती गेली अठरा वर्षं राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत संगणक दुरुस्त करत होती. तिचा जन्म झाला त्या दिवशी वडील पाण्यासाठी निघालेल्या मोर्चात होते. घरी आल्यावर त्यांनी मुलीचं तोंड बघायच्या आधी नाव सांगितलं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग संगणक. खाली डॉक्टर दात काढायचे, वर ती डिस्क काढायची. जिन्यात दोघांची गिऱ्हाइकं भेटली की एकमेकांना विचारायची, "फार दुखलं का?"

सगळं घेऊन फिरायची सवय तिला आईकडून लागली होती. चिमणाबाई लेकीला अर्ध्या दिवसासाठी जरी बाहेर पाठवत असल्या, तरी चार भाकऱ्या, झुणका, खर्डा, दह्याचा डबा आणि दोन लाडू बांधायच्या. आज एप्रिलातल्या उन्हात त्यांनी बॅगेत स्वेटरही घातला होता.

"आई, गारगोटीला बर्फ पडतोय व्हय?"

"असू दे. लागंल कधीतरी."

हे 'लागंल कधीतरी' क्रांतीच्या रक्तात उतरलं होतं. पाच प्रकारचे पेचकस, नऊ प्रकारच्या केबली, बटणाएवढे सेल, डब्यात मेमरीच्या पट्ट्या, अडलेलं मशीन उठवायला तीन सुटकेचे पेनड्राइव्ह. तीन का, तर एक हरवला तर दुसरा असावा, आणि दुसराही हरवला तर. बॅगेचं वजन वाढत गेलं, तसा तिचा उजवा खांदा दोन बोटं खाली गेला. शिंप्याला ते माहीत होतं. तो ब्लाउज बेतताना त्या बाजूला माया धरायचा.

पण तिची सगळ्यात जड गोष्ट बॅगेत दिसायची नाही.

संगणकाचं बटण दाबलं की त्याची खरी सिस्टिम डिस्कवर झोपलेलीच असते. तिला उठवायचं तर आधी डिस्क उघडता आली पाहिजे, आणि डिस्क उघडायची हत्यारं तर डिस्कच्याच आत. म्हणून लिनक्स नावाच्या सिस्टिममध्ये एक युक्ती करतात. सुरुवातीला एक छोटंसं गाठोडं थेट मेमरीत उलगडतात. त्यात डिस्क ओळखण्यापुरती हत्यारं असतात. ती दार उघडून देतात आणि बाजूला होतात. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. क्रांती त्याला शिदोरी म्हणायची.

नऊ वर्षांपूर्वी इचलकरंजीतल्या एका मागवाल्याचं मशीन असंच उठेना. साड्यांच्या काठाची नक्षी काढायचं मशीन होतं ते, अगदी जुनं, आणि त्याची डिस्क ओळखणारं हत्यार शिदोरीत नव्हतं. क्रांतीनं ते शोधलं, घातलं, मशीन उठलं. परत येताना तिनं ठरवलं, आता अशी एकच शिदोरी करायची की जिल्ह्यातलं कुठलंही मशीन समोर येऊ दे, ते उठलंच पाहिजे. तिनं एक मास्टर डिस्क बनवली. पुढं जे नवं गिऱ्हाईक येईल त्याच्या मशीनला लागणारं काही ना काही त्या शिदोरीत पडत गेलं. दुसरं मशीन करायचं झालं की मास्टरची नक्कल काढायची, डिस्क बसवायची, बटण दाबायचं. नऊ वर्षं तिला एकाही मशीननं नाही म्हटलं नव्हतं.

आज त्याच मास्टरच्या सोळा नकला, म्हणजे सोळा डिस्का, वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत होत्या.

गारगोटीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई फाटकातच उभ्या होत्या. शेजारी शिपाई बाळासो. त्यांनी बॅग उचलायला हात घातला आणि लगेच दुसराही हात लावला.

"ताई, ह्यात संगणक हाय का संगणकाचं दगडी जातं?"

"जरा वरच धरा, मामा. डिस्का हायत."

प्रमोदिनीबाई चालता चालताच बोलू लागल्या. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो एव्हाना चार ठिकाणी मुडपला होता. "क्रांतीताई, चार वाजता त्र्यंबकसाहेब तपासणीला येतायत. अर्जात आपण चोवीस मशीन लिहिलीत. चोवीस चालू दिसली तरच परीक्षेचं केंद्र इथं. नाहीतर पोरींना कोल्हापूरला जावं लागेल."

"चार म्हणजे लई वेळ हाय, बाई."

"गेल्या वर्षी एकसष्ट पोरींनी फॉर्म भरला होता," बाई म्हणाल्या. "कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली एकोणीस जणींनी. बाकीच्यांना घरातून सोडलं नाही. काहींची पहाटेची एसटी चुकली. यंदा बासष्ट फॉर्म आलेत. मी घरोघरी सांगून आलेय, परीक्षा आपल्याच शाळेत आहे म्हणून."

क्रांतीनं त्यांच्याकडं बघितलं. बाईंनी केंद्र मिळायच्या आधीच शब्द देऊन टाकला होता, आणि तो क्रांतीच्या भरवशावर दिला होता. "मग आहेच की शाळेत," ती म्हणाली.

शाळेची आठ मशीन चांगली होती. क्रांतीनंच दोन वर्षांपूर्वी बसवलेली, अजून ठणठणीत. बाकीची सोळा मशीन एका कार्यालयानं जुनी झाली म्हणून शाळेला दिली होती. मागच्या आठवड्यात त्यांच्या डिस्का काढून ती दुकानात घेऊन गेली होती. तिथं नक्कल काढली, दुकानातल्या मशीनवर एकेक लावून बघितली. सोळाच्या सोळा उठल्या. आता फक्त बसवायच्या.

अकरा वाजेपर्यंत तिनं सगळ्या बसवल्या. बाळासोंनी तारा लावल्या, टेबलं पुसली, प्रत्येक मशीनवर खडूनं आकडा टाकला. क्रांतीनं नऊ नंबरचं बटण दाबलं.

पंखा घुमला. पडदा उजळला. थोड्या वेळानं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची भिंत उभी राहिली आणि तिथंच थांबली. सगळ्यात खालच्या ओळीचा अर्थ होता, डिस्क सापडत नाही, मी पुढं जाऊ शकत नाही.

"केबल ढिली असंल," क्रांती म्हणाली.

केबल घट्ट होती. तिनं ती बदलली. पुन्हा तीच भिंत. दहा नंबर लावला. तीच भिंत. अकरा, बारा. सोळाही मशीन जणू ठरवून एकच वाक्य बोलत होती.

दीड तास तिनं डिस्क शोधण्यात घालवला. बॅगेतल्या सगळ्या केबली लावून झाल्या. डिस्क काढून पुसून लावली. नऊची दहाला, दहाची नऊला. शाळेच्या चांगल्या मशीनवर तीच डिस्क लावली तर ती मुकाट्यानं उठली.

"डिस्क चांगली हाय. मशीनच खराब दिलीयत," ती शेवटी म्हणाली. "फुकट मिळालं म्हणून कुणीबी काय बी देतंय."

"सोळाच्या सोळा खराब?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. त्या जेवायला घरी गेल्या नव्हत्या. "मागच्या आठवड्यापर्यंत त्यांच्या जुन्या सिस्टिमवर चालत होती हो. बाळासोंनीच चालू करून बघितली होती."

क्रांतीला हे लागलं. बाई बरोबर बोलत होत्या म्हणून जास्त लागलं. सोळा मशीन एका दिवशी मरत नाहीत. मग उरतं काय? तिची मास्टर. पण मास्टर जिल्हाभर चालते. नऊ वर्षं चालते.

ती खुर्चीवर बसली आणि तिनं चिमणाबाईंचा डबा उघडला. तिघांना पुरून उरेल एवढं होतंच. बाळासोंनी भाकरीवर खर्डा घेतला, पहिल्या घासाला डोळे पुसले आणि म्हणाले, "ताई, एक इचारू? रागावणार न्हाईसा न्हवं?"

"बोला की, मामा."

"त्या भिंतीच्या आदी एक रेघ येती. ती तुम्ही का वाचीना झालाय?"

"कसली रेघ?"

"पांढऱ्या अक्षरांची. एकच. वर, डाव्या कोपऱ्यात. येती, मी पाच मोजतो, आन् जाती. मग ही सगळी भिंत येती. सोळाबी मशीनवर येती. मला इंग्रजी वाचाय येत न्हाय, पर बघाय येतंय."

बाळासो तीस वर्षं शाळेची घंटा देत होते. पाच मोजणं म्हणजे त्यांचं पाचच असायचं. आणि क्रांती? बटण दाबलं की ती केबल धरायला टेबलाखाली वाकायची. वर येईपर्यंत रेघ पळालेली असायची. जे पडद्यावर टिकून राहिलं तेच तिनं खरं धरलं होतं.

तिनं हात धुतले, मोबाइल संथ चित्रीकरणावर ठेवला आणि नऊ नंबरसमोर धरला. बाळासोंनी बटण दाबलं. रेघ आली. गेली. तिनं चित्रीकरण मागं नेऊन थांबवलं.

आउट ऑफ मेमरी.

"काय म्हणती?" बाळासोंनी विचारलं.

"मेमरी पुरत न्हाय म्हणती." क्रांती मोबाइल ठेवून खुर्चीकडं वळली. मग हळूच खाली बसली आणि हसायला लागली. प्रमोदिनीबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

"बाई, मशीन चांगली हायत. डिस्का चांगल्या हायत. शिदोरी खराब हाय. म्हणजे खराब न्हाय. लई मोठी हाय."

तिनं शाळेच्या चांगल्या मशीनवर जाऊन बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं शिदोरीच्या फाइलीचा आकार वाचला. सातशे एमबी. आवळून बांधलेली सातशे. उलगडल्यावर दुपटीच्या वर, आणि उलगडताना बांधलेली नि सुटलेली दोन्ही एकदम मेमरीत. ह्या जुन्या मशीनला मेमरीच दोन जीबी. गाठोडं ठेवायला जागा पुरेना, म्हणून ते आत आलंच नाही. आणि गाठोडं नाही म्हणून हत्यारं नाहीत, हत्यारं नाहीत म्हणून डिस्क सापडत नाही. पडद्यावरची भिंत खरंच बोलत होती, फक्त गोष्टीचा शेवट सांगत होती. दुकानातल्या मशीनची मेमरी सोळा जीबी. तिथं हे कधी कळणारच नव्हतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

सुटकेचा पेनड्राइव्ह लावून तिनं नऊ नंबर उठवलं आणि शिदोरी सोडायला घेतली. एकेक वस्तू बाहेर येऊ लागली, आणि तिच्याबरोबर एकेक माणूस. उन्मेष नावाच्या भाच्यानं खेळ खेळायला घेतलेलं महागडं ग्राफिक कार्ड. त्याच्यासाठी घातलेलं सामान एकट्यानंच दोनशे एमबी खात होतं, आणि उन्मेष आता बंगळूरला होता. खालच्या डॉक्टरांचं वायफाय. बुडालेल्या डिस्का वाचवायची अवजारं, महापुराच्या वर्षी घातलेली. तेव्हा आठवडाभर ती चिखलातून निघालेली मशीन पुसत बसली होती. आणि एका क्लासवाल्यानं हट्टानं करून घेतलेलं चलचित्र. संगणक चालू होताना त्याचा फोटो फिरत फिरत मोठा व्हायचा.

"हे कोण?" बाळासोंनी डोकावून विचारलं.

"राजारामपुरीतलं क्लासवालं सर. नऊ वर्षं जिल्ह्यातल्या समद्या मशीनात बसून हायत, आन् आपल्याला पत्ताच न्हाय."

"उतरवा त्यास्नी. गाडी भरली."

शेवटी इचलकरंजीच्या मागवाल्याचं ते पहिलं हत्यार आलं. तिनं क्षणभर बोट थांबवलं. मग तेही काढलं. सेटिंगमध्ये जिथं 'सगळं घे' लिहिलं होतं तिथं तिनं लिहिलं, 'ह्या मशीनला लागतं तेवढंच घे'. शिदोरी पुन्हा बांधली. चौतीस एमबी झाली.

नऊ नंबरचं बटण दाबलं. तिघंही टेबलाखाली न वाकता पडद्याकडं बघत उभी राहिली. बाळासोंनी मोजायला सुरुवात केली. तेहेतीसला निळा पडदा आला.

प्रमोदिनीबाईंनी मुडपलेला कागद पाचव्यांदा मुडपला. "एक झालं," त्या म्हणाल्या. "पंधरा राहिली."

मशीन सगळी एकसारखी, त्यामुळं तीच छोटी शिदोरी बाकीच्यांत ठेवायची होती. पण प्रत्येक मशीन आधी पेनड्राइव्हवरून उठवायला लागणार होतं. तेव्हा बॅगेतले तीनही पेनड्राइव्ह कामाला आले. एक क्रांतीकडं, एक बाईंकडं, एक बाळासोंकडं. क्रांतीनं फळ्यावर पाच ओळी लिहून दिल्या. बाळासो ती अक्षरं चित्रासारखी जुळवून एका बोटानं टंकू लागले. त्यांची एकही चूक झाली नाही. बाईंच्या दोन झाल्या.

"बाई, ती बारकी रेघ हाय, आडवी. तुम्ही उभी मारलीसा," बाळासोंनी सांगितलं.

साडेतीनला पंधरा मशीन चालू होती. सोळावं, म्हणजे कोपऱ्यातलं चोवीस नंबर, उठेना. आता पळणारी रेघ नव्हती. शिदोरी आत आली होती, उलगडली होती, आणि तरीही डिस्क सापडत नव्हती.

क्रांतीनं झाकण काढलं. बाहेरून हे बाकीच्यांसारखंच होतं, पण आतली पाटी, म्हणजे मदरबोर्ड, जुनी. डिस्कचं सर्किट वेगळं. तिनं त्यावरची अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला.

तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. त्र्यंबकसाहेब पंधरा मिनिटं लवकर आले होते.

साहेब बारीक अंगाचे, हातात फाइल, चष्मा कपाळावर. प्रमोदिनीबाईंनी चहा विचारला. "आधी काम," ते म्हणाले आणि थेट संगणकांच्या खोलीत आले. खोलीत डाव्या हाताला तो कोपरा होता, जिथं क्रांती टेबलामागं वाकून बसली होती. साहेब तिकडंच वळले.

बाळासो मधे आले. "साहेब, हिकडनं सुरू करा. हिकडं पंखा हाय."

"मला गरम होत नाही."

"व्हतंय साहेब. तुमास्नी कळंना झालंय. समदा शर्ट भिजलाय."

साहेबांनी शर्ट चाचपला आणि पंख्याखाली गेले. एक नंबरपासून सुरुवात झाली. बटण दाबायचं, उठेपर्यंत थांबायचं, फाइलीत खूण करायची. बाळासो प्रत्येक मशीनसमोर मनातल्या मनात मोजत होते.

इकडं कोपऱ्यात क्रांती काढून ठेवलेल्या सामानाची यादी बघत होती. चोवीस नंबरला हवं होतं ते हत्यार तिनं दोन तासांपूर्वीच काढलं होतं. इचलकरंजीच्या मागवाल्याचं. आकार, चाळीस केबी. सातशे एमबीतून काढताना ज्याचं वजन कळलंही नव्हतं, तेच आता आडवं आलं होतं. तिनं ते परत घातलं. दुसरं काहीही नाही. शिदोरी बांधायला सांगितली आणि बघत बसली.

"सतरा," पलीकडून साहेबांचा आवाज आला. "अठरा."

शिदोरी बांधून झाली. तिनं पेनड्राइव्ह काढला, मशीन बंद केलं, आणि झाकण नुसतंच टेकवून बाजूला उभी राहिली.

"बावीस. तेवीस." साहेब कोपऱ्यात आले. "हे उघडं का?"

"आतनं बघून घेतलं, साहेब," क्रांती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

साहेबांनी चोवीस नंबरचं बटण दाबलं. पंखा घुमला. पडदा काळा झाला. प्रमोदिनीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाळासोंचे ओठ हलत होते. तीस. पस्तीस. चाळीस. एक्केचाळीसला निळा पडदा आला.

"हे जरा हळू आहे," साहेब म्हणाले.

"वयस्कर हाय, साहेब. पर उठतंय," बाळासो म्हणाले.

साहेबांनी शेवटची खूण केली, फाइल मिटली आणि चष्मा नाकावर घेतला. "चोवीस. केंद्राला माझी हरकत नाही. बासष्ट मुली म्हणालात ना? तीन तुकड्या करा. आता चहा चालेल."

प्रमोदिनीबाई चहा सांगायला गेल्या त्या परत येईनात. बाळासो बघून आले आणि म्हणाले, बाई हापिसात फोनवर हायत, कुणाच्या तरी आईला सांगायल्यात, एसटीचं बघाय नको आता, पोरगी चालत येईल.

साडेपाचच्या एसटीसाठी क्रांती निघाली तेव्हा बाळासो घरून पिशवी घेऊन आले होते. आजऱ्याच्या पावण्यांकडचा घनसाळ तांदूळ, दोन किलो. "आईला द्या. खर्ड्याची परतफेड."

बॅगेत तांदूळ बसेना. क्रांतीनं एकदा दाबून बघितलं, मग खाली ठेवून बॅग उघडली. जुन्या मशीनला लागणाऱ्या सहा केबली काढल्या, मेमरीच्या पट्ट्यांचा डबा काढला, एक सुटकेचा पेनड्राइव्ह काढला. सगळं शाळेच्या कपाटात मांडून ठेवलं.

"ह्या हितंच असू देत, मामा. लागल्या तर हितंच लागतील."

"आन् पेनड्राइव्ह?"

"तो तुमच्या ताब्यात. पाच ओळी पाठ हायत न्हवं?"

"पाठ कशाला? फळ्यावर हायत की. पुसू दिल्या न्हाईत मी."

तांदूळ बसला. त्यावर स्वेटरही बसला. एसटीला सकाळचाच कंडक्टर होता. त्यानं बॅग एका हातानं आत घेतली, थबकला, परत एकदा उचलून बघितली.

"ताई, काय इसरला न्हाईसा न्हवं?"

"न्हाय," क्रांती म्हणाली. "एक गारगोटी ते कोल्हापूर. अर्धं."